उरलेल्या भाजक्या कोंबडीचं सूप: हाडं शिजवा, मांस नको

जळगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "थर्टी फर्स्टला घरच्या ओव्हनमध्ये दीड किलोची अख्खी कोंबडी भाजली. छातीचं बरंच मांस आणि सगळा सांगाडा उरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सगळं कुकरमध्ये घातलं, आलं-लसूण, हळद, मीठ, गरम मसाला टाकला आणि आठ-दहा शिट्ट्या काढल्या. सूप गढूळ झालं, खारट लागलं, मागून कडवटपणा आला आणि मांसाचा नुसता चोथा झाला. थंडीत सासूबाईंना काहीतरी गरम, तिखट नसलेलं द्यायचं होतं. त्यांनी दोन चमचे घेऊन वाटी बाजूला सारली. कुठे चुकलं? फ्रीजरमध्ये अजून एका भाजलेल्या कोंबडीची हाडं ठेवली आहेत, त्यांचं नीट कसं करू?"

ताई, तुम्ही टाकून न देता सूप करायला घेतलंत हेच मला आवडलं. मी भुसावळला सव्वीस वर्षं खानावळ चालवते आणि घरगुती कार्याच्या ऑर्डरी घेते. अख्खी कोंबडी भाजायची आपल्या खान्देशात फारशी पद्धत नव्हती. आपण रस्सेवाले. पण भुसावळ रेल्वेचं गाव. लहानपणी आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक ख्रिस्ती आंटी राहायच्या. नाताळला त्या कोंबडी भाजायच्या आणि सव्वीस तारखेला सकाळपासून त्यांच्या शेगडीवर एक पातेलं नुसतं हलकं हलकं बुडबुडत असायचं. दुपारी आम्हा पोरांना एकेक कप मिळायचा. त्या सुपाचा रंग फिक्या चहासारखा आणि पारदर्शक असायचा, पण ओठांना किंचित चिकटायचा. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तेच आहे: भाजलेल्या कोंबडीची हाडं शिजवायची, मांस नाही.

आपल्याकडे कोंबडी किंवा मटण शिजताना मसाला पडायच्या आधी जे पाणी बाजूला काढतात, त्याला आपण अळणी म्हणतो. बाळंतिणीला, लहान मुलांना, तापातून उठलेल्या माणसाला तेच देतात. अळणीत कच्चं मांस पाण्यात शिजतं, त्याचा रस पाण्यात उतरतो आणि मांसही मऊ होतं. म्हणून आपल्या हाताला सवय लागलेली असते, की सगळं एकत्र घालायचं आणि शिजू द्यायचं. भाजलेल्या कोंबडीचं गणित वेगळं आहे. तिचं मांस ओव्हनमध्ये एकदा पूर्ण शिजलेलं असतं. त्यातलं पाणी जायचं तेवढं गेलेलं असतं. त्याला परत कुकरमध्ये कोंडलं की उरलासुरला रसही जातो आणि हातात दोरे येतात. छातीचं मांस तर आधीच कोरडं, त्याचा चोथाच होणार.

हाडांचं उलट आहे. सांध्यांवरच्या कुर्च्या, पाठीचा कणा, पंखांची टोकं, कातडी, मानेचा भाग यांत कोलॅजन नावाचं प्रथिन भरपूर असतं. ओव्हनच्या तासाभरात ते थोडंसंच सुटतं. बाकीचं तसंच बसून असतं आणि गरम पाण्यात दोन-तीन तासांत हळूहळू विरघळून त्याचं जिलेटीन होतं. ओठांना लागणारा तो चिकटपणा त्याचा. नीट झालेलं सूप फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी जेलीसारखं थरथरतं. बऱ्याच जणी ते पाहून घाबरतात, बिघडलं म्हणून ओततात. ओतू नका, तीच खरी पावती आहे. शिवाय भाजताना कातडीवर आणि हाडांच्या कडांना जो तपकिरी रंग चढतो, त्यात कच्च्या कोंबडीच्या अळणीला कधीच येणार नाही असा खमंगपणा असतो. तो तुम्हाला आयता मिळालाय.

आता तुमच्या चार तक्रारी. आधी कडवटपणा घेते, कारण एकदा आला की तो घालवता येत नाही. माझ्या अनुभवात त्याची कारणं ठरलेली असतात. कातडीचा किंवा पंखांच्या टोकांचा काळा जळका भाग तसाच पाण्यात गेलेला असतो. किंवा भाजायच्या ट्रेमधली करपलेली लसूण आणि मसाला खरवडून घातलेला असतो. आणि एक कारण कुणाच्या लक्षात येत नाही: कोंबडीच्या पोटात भाजताना अख्खं किंवा अर्धं लिंबू ठेवतात, ते सांगाड्यात तसंच राहतं आणि सालीसकट तासभर उकळतं. तुम्ही पोटात लिंबू ठेवलं होतं का, आठवून बघा. ठेवलं असेल तर बहुतेक तेच. वरून तुम्ही गरम मसाला आणि हळद सुरुवातीलाच टाकलीत. लवंग, मोठी वेलची, हळद बंद भांड्यात एवढा वेळ उकळली की सुगंध उडून जातो आणि तुरटपणा मागे राहतो. रश्शात ते खपतं, कारण तिथे खोबरं, कांदा, तेल असं सांभाळून घेणारं पुष्कळ असतं. निव्वळ पाण्यात लपायला जागाच नसते.

खारटपणा मिठामुळे, हे उघड आहे, पण मीठ आलं कुठून? भाजण्याआधी तुम्ही कोंबडीला मीठ चोळलं असणार, कदाचित रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवलं असणार. ते मीठ हाडांपर्यंत पोचलेलं असतं आणि सुपात उतरतं. त्यात वरून नेहमीच्या अंदाजाने पुन्हा मीठ पडलं. म्हणून उरलेल्या भाजक्या कोंबडीच्या सुपात मीठ शेवटी, गाळल्यावर आणि चाखल्यावरच घालायचं. मी तर वाटीत वाढताना घालते.

खारट झालेल्या सुपात बटाटा टाकायचा सल्ला तुम्हाला दहा जणी देतील. बटाटा मीठ निवडून शोषत नाही, तो खारट पाणी शोषतो. भांड्यातलं पाणी कमी होतं, चव तेवढीच खारट राहते. खारट झालंच तर त्याचे दोन भाग करा, एका भागात तेवढंच बिनमिठाचं गरम पाणी घाला आणि मीठ न घालता शिजवलेला भात किंवा मटार घालून संपवा. दुसरा भाग फ्रीजरमध्ये ठेवून पुढे रश्शात मिठाऐवजी वापरा. वाया काही जात नाही.

गढूळपणा आला तो शिट्ट्यांमुळे. पाणी खळाखळा उकळतं तेव्हा वर तरंगणारी चरबी बारीक बारीक फुटून पाण्यात मिसळते, आणि जो फेस वर आला असता तोही ढवळून आत जातो. आपल्या कुकरची प्रत्येक शिट्टी म्हणजे आत एक मोठी उसळी. दहा शिट्ट्यांत दहा वेळा सूप घुसळलं गेलं. पण म्हणून कुकर वाईट नाही. उलट कुकरचा जन्मच हाडांसाठी झालाय. १६७९ साली डेनिस पापाँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीला वाफेच्या दाबावर चालणारं भांडं दाखवलं होतं, आणि त्याचं मुख्य काम होतं हाडं मऊ करून त्यांतला अर्क काढणं. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. आपल्या कुकरमध्ये आतलं तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं, म्हणून तीन तासांचं काम पाऊण तासात होतं. फक्त शिट्ट्या मोजायच्या नाहीत, मिनिटं मोजायची. पहिली शिट्टी यायच्या बेतात आली की गॅस अगदी बारीक करायचा, इतका की वाफ हळू फुसफुसत राहील पण शिट्टी होणार नाही. अशी ४० मिनिटं. मग गॅस बंद, आणि झाकण आपोआप सुटेपर्यंत हात लावायचा नाही. घाईने शिट्टी उचलून वाफ सोडली की आतलं पाणी एकदम उसळतं आणि सगळी मेहनत गढूळ होते.

तरी वेळ असेल तर पातेलंच बरं, असं माझं मत आहे. मध्ये मध्ये चाखता येतं, फेस काढता येतो, आणि घरभर जो वास दरवळतो तो कुकर देत नाही.

करायला घेण्याआधी एक गोष्ट आपल्या घरांत बोलली जात नाही, पण असते: उष्टं. ताटात चघळून टाकलेली हाडं गोळा करून त्यांचं सूप करणं आपल्या मनाला पटत नाही, सासूबाईंना तर मुळीच पटणार नाही, आणि स्वच्छतेच्या दृष्टीनेही ते टाळलेलंच बरं. यावर उपाय सोपा आहे. कोंबडी अख्खी मोठ्या ताटात मांडून दाखवायची हौस फिटली, की ती आत नेऊन सुरीने मांस सोडवायचं आणि मांसच वाढायचं. तंगड्या कुणाला हातात धरून खायच्या असतील तर तेवढ्या द्यायच्या, त्यांची हाडं सोडून द्यायची. सांगाडा, पाठ, मान, पंखांची टोकं स्वयंपाकघरातच राहतात. कुणाचा हात नाही, कुणाचं तोंड नाही. सासूबाईंना हे आधी सांगा, वाटी बाजूला सारण्याचं एक कारण तेही असू शकतं.

मांस सोडवलं की हाडं आणि मांस वेगवेगळ्या डब्यांत, आणि दोन्ही दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. हे मी आग्रहाने सांगते. शिजलेली कोंबडी ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात राहिली की जंतू झपाट्याने वाढतात. थर्टी फर्स्टला आपल्याकडे थंडी असते, पार्टी गच्चीवर असते, म्हणून लोक निर्धास्त असतात आणि कोंबडी रात्रभर टेबलावर राहते. काही जंतूंचं विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही, त्यामुळे "सकाळी चांगलं उकळून घेऊ" हा विचार सोडा. उन्हाळ्यात, भुसावळचा पारा ४५ च्या घरात असतो तेव्हा, दोन तासही फार झाले, एका तासात फ्रीजमध्ये जायला हवं. फ्रीजमध्ये तीन दिवस, फार तर चार. फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने चव टिकते. लाईट बराच वेळ जाऊन हाडं पूर्ण वितळली आणि कोमट झाली असतील तर सरळ टाकून द्या. आणि एक, शिजलेली हाडं गल्लीतल्या कुत्र्यांना घालू नका. त्यांचे अणकुचीदार तुकडे पडतात आणि घशात, आतड्यात रुततात.

आता तुमच्या फ्रीजरमधल्या हाडांचं सूप. पूर्ण वितळवायची गरज नाही, कात्री चालेल इतकी सुटली की पुरे. दीड किलोच्या कोंबडीची हाडं, कातडी, पंख मिळून साधारण अर्धा किलो धरा. एवढ्याला दीड लिटर गार पाणी. हाडं बुडून वर दोन बोटं पाणी राहिलं पाहिजे, त्याहून जास्त नको. जास्त लोकांना पुरवायच्या नादात तीन लिटर पाणी घातलं की कितीही शिजवा, पांचटच लागतं. बोअरच्या पाण्याची चव मचूळ असेल तर प्यायचं पाणी वापरा, कारण ते आटणार आहे आणि चव दाट होणार आहे.

हाडं कोंबडी कापायच्या कात्रीने मोडून लहान करा, सांधे उघडे करा. काळे जळके भाग खरवडून टाका. पोटातलं लिंबू, लसूण, मसाल्याचा लगदा काढून टाका. भाजायच्या ट्रेमध्ये तळाला तपकिरी, चिकट थर राहिला असेल तर तो सोनं आहे. त्यात कपभर गरम पाणी ओतून उलथन्याने सोडवून घ्या आणि जिभेवर ठेवून बघा. खमंग लागला तर सुपात जाऊ द्या, कडू लागला तर टाका.

ब्रॉयलरचं सूप थोडं पातळ लागतं. हा पक्षी दीड महिन्याच्या आत बाजारात येतो, त्याच्या अंगात चव मुरायला वेळच मिळत नाही. त्यावर माझी युक्ती म्हणजे चिकनवाल्याकडून पावशेर पंजे आणायचे. बरेचदा ते अगदी स्वस्तात मिळतात. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून पिवळी साल ओढून काढायची, नखं छाटायची, धुवायचे आणि हाडांबरोबर घालायचे. पंज्यांत मांस नाही, पण जिलेटीन इतकं की सूप लगेच अंगाने भरतं. घरी पंज्यांचं नाव काढलं की तोंडं वाकडी होत असतील तर गाळल्यावर ते राहत नाहीत, सांगायची गरज नाही. गावरान कोंबडी भाजली असेल तर पंज्यांची गरज नाही, पण वेळ तास-दीड तास जास्त द्या.

पातेलं मध्यम आचेवर ठेवा. पाणी गारच हवं. हळूहळू तापलं की मळी वर येते, ती पळीने काढता येते. उकळी फुटायच्या आत आच बारीक करा. ८५ ते ९५ अंश हे आपल्याला हवं असलेलं तापमान आहे, पण थर्मामीटर लागत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर इथे एक बुडबुडा, तिथे एक बुडबुडा, मध्ये श्वास घेण्याएवढी उसंत, असं दिसलं पाहिजे. झाकण अर्धवट. अशी दोन तास. मध्ये ढवळायचं नाही. पाणी हाडांच्या खाली गेलं तरच अर्धा कप गरम पाणी घाला.

भाज्या सुरुवातीला घालू नका, शेवटच्या पाऊण तासात घाला. सुरुवातीपासून शिजलेला कांदा आणि गाजर गोडसर, उतरलेली चव देतात. एक मोठा कांदा सालीसकट आडवा कापून गॅसच्या जाळीवर कापलेली बाजू गडद तपकिरी होईपर्यंत भाजा. खान्देशी मसाल्याला कांदा भाजतो तसाच, पण कोळसा होऊ द्यायचा नाही. कांद्याच्या सालीने सुपाला सोनेरी रंग येतो, त्यामुळे हळदीची गरज उरत नाही. एक गाजर, बोटभर आलं ठेचून, लसणाच्या चार पाकळ्या सालीसकट, कोथिंबिरीच्या जाड काड्यांची जुडी, दहा मिरे, एक तमालपत्र. एवढंच. दालचिनी नको, चक्रीफूल नको. ही कोंबडी आधीच मसाल्यातून गेलेली आहे.

मग चाळणीवर ओलं पातळ फडकं घालून गाळा. दाबून पिळू नका, पिळलं की गाळ खाली येतो. सव्वा लिटरच्या आसपास सूप मिळेल, म्हणजे पाच-सहा वाट्या. लगेच प्यायचं असेल तर वरची चरबी पळीने काढा. दुसऱ्या दिवशी प्यायचं असेल तर फ्रीजमध्ये ती आपोआप पिवळ्या पापुद्र्यासारखी गोठते, अख्खी उचलता येते. ती टाकू नका. त्यात लसूण परतून गरम भाकरीवर चोळून बघा.

सूप थंड करण्याबद्दल मी स्वतः मोठी चूक केलेली आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका साखरपुड्याच्या ऑर्डरसाठी आदल्या रात्री चाळीस लिटरच्या पातेल्यात सूप केलं आणि झाकून तसंच ठेवलं. डिसेंबर होता, बाहेर हुडहुडी भरत होती, मला वाटलं गार होईल. सकाळी झाकण काढलं तर वरून गार, मधोमध हात घातला तर कोमट, आणि आंबूस वास. मोठं भांडं आपली ऊब पोटात धरून बसतं. सगळं ओतलं आणि दुपारपर्यंत नव्याने केलं. तेव्हापासून मी सूप रुंद पराती-पातेल्यांत चार बोटं उंचीपर्यंतच ओतते, ती भांडी गार पाण्याच्या टोपात ठेवते, हाताशी असला तर बर्फ टाकते, आणि दोन तासांत कोमटपणा गेला की फ्रीजमध्ये. घरच्या दीड लिटरला सिंकमध्ये गार पाणी भरून पातेलं ठेवलं आणि पाणी दोनदा बदललं तरी पुरतं. परत गरम करताना मात्र नुसतं कोमट करायचं नाही, खळखळून एक उकळी आणायची.

वाटीत काय घालायचं हा खरा आनंदाचा भाग. मांस आता येतं, आत्तापर्यंत ते फ्रीजमध्येच होतं. बोटांनी दोऱ्यांच्या दिशेने सोलून, मग आडवं बारीक कापा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना चावायला त्रास नाही. उकळत्या सुपात ते घाला, एक उकळी येऊ द्या आणि गॅस बंद करा. त्याहून जास्त वेळ नको. जानेवारीत आपल्याकडे तुरीच्या ओल्या शेंगा असतात. मूठभर हिरवे तुरीचे दाणे आधी वेगळे मऊ शिजवून सुपात घाला. मटारापेक्षा मला ते जास्त आवडतात, त्यांना स्वतःची चव असते. शेवग्याच्या शेंगेचा गर काढून घातला तर सूप आणखी दाट होतं. पीठ लावायचंच असेल तर कॉर्नफ्लोअरपेक्षा चमचाभर ज्वारीचं पीठ कोरडं भाजून, गार पाण्यात कालवून घाला आणि पाच मिनिटं शिजू द्या. माझ्या सासूबाई धुळ्याकडच्या. दातांचा त्रास सुरू झाल्यावर त्यांना मी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी या सुपात चुरून द्यायचे. पहिल्यांदा दिलं तेव्हा वाटी संपवून म्हणाल्या, "तोंडले चव वनी, माय," म्हणजे तोंडाला चव आली. त्या दिवसांत त्यांनी अन्नाला चांगलं म्हटल्याचं मला फारसं आठवत नाही, म्हणून ते वाक्य लक्षात राहिलं.

घरात तिखट खाणारे असतील तर त्याच सुपाचं वेगळं रूप करा. सासूबाईंचा भाग आधी बाजूला काढा. उरलेल्यासाठी चमचाभर तेलात किंवा त्या गोठलेल्या चरबीत दोन लसूण पाकळ्या, अर्धा चमचा खान्देशी काळा मसाला आणि भाजलेल्या कांदा-सुक्या खोबऱ्याचं चमचाभर वाटण तेल सुटेपर्यंत परता आणि त्यावर गरम सूप ओता. हा रस्सा नव्हे, वाटण चमचाभरच. जास्त घातलं की भाजलेल्या हाडांचा खमंगपणा बुडतो, मग एवढा वेळ घालवून उपयोग काय?

बाहेरून आणलेल्या तंदुरी किंवा ग्रिल कोंबडीचं सूप होतं का, हे पुष्कळ जण विचारतात. होतं, पण तिच्यावर दह्याचा मसाला असतो, रंग असतो, कसुरी मेथी असते. दही उकळून फाटतं आणि सुपात कण पोहतात. म्हणून हाडांवरचा मसाला कोमट पाण्याखाली बोटांनी धुवून काढा, जळकी टोकं कात्रीने छाटा, आणि हाडांवर पाणी ओतून एक उकळी आली की ते पहिलं पाणी फेकून द्या. मग वरच्याच पद्धतीने. रंग थोडा लालसर येईल, तो येऊ द्या. अशा हाडांचं सूप मी नुसतं पिण्यापेक्षा शेवभाजीच्या रश्शात पाण्याऐवजी वापरते. मात्र आपल्याकडे शेवभाजी शाकाहारी पंगतीतही वाढली जाते, त्यामुळे कोण जेवायला आहे ते बघून, सांगूनच.

कोंबडीबद्दलची भीती आपल्या भागात नवीन नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरच्या पोल्ट्रींत बर्ड फ्लू सापडला, देशात पहिल्यांदाच, तेव्हा माझ्या खानावळीत कित्येक आठवडे कुणी चिकनचं नाव घेत नव्हतं. २०२१ ला नवापूरला तो पुन्हा आला. तेव्हाही गिऱ्हाइकांना मी तेच सांगितलं जे आज तुम्हाला सांगते: मांस आतपर्यंत ७० अंशांवर गेलं की तो विषाणू मरतो. भाजताना मांडीच्या सांध्यात सुरी खुपसल्यावर पाणी स्वच्छ आलं पाहिजे आणि मांस कुठेही गुलाबी, लिबलिबीत राहता कामा नये. हाडाजवळचा काळपट-लाल रंग मात्र कोवळ्या ब्रॉयलरमध्ये मज्जेमुळेही येतो, मांस पूर्ण शिजलेलं असताना त्याला घाबरू नका.

सर्दीवर सुपाचा गुण येतो का? २००० साली अमेरिकेत नेब्रास्काच्या स्टीफन रेनार्ड यांनी घरच्या पद्धतीचं चिकन सूप प्रयोगशाळेत तपासलं, तेव्हा सुजेशी संबंध असलेल्या पांढऱ्या पेशींची हालचाल त्याने मंदावलेली दिसली. तो प्रयोग काचेच्या नळीतला, माणसावरचा नाही. म्हणून मी त्याला औषध म्हणत नाही. गरम वाफेने नाक मोकळं होतं, पोटात पातळ, पौष्टिक काही जातं, एवढं पुष्कळ आहे. सासूबाईंना रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र मिठाकडे नीट लक्ष द्या आणि किती द्यावं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, कारण मीठ वरून न घालताही भाजक्या कोंबडीतून बरंच उतरलेलं असतं.

तुमच्या फ्रीजरमधल्या हाडांना उद्या सकाळी दहाला पातेल्यात घाला, जेवणाआधी साडेबारा-एकपर्यंत सूप तयार होईल. सासूबाईंना सुरुवातीला अर्धीच वाटी द्या, वर दोन मिऱ्यांची ताजी पूड, लिंबाची फोड बशीत वेगळी. लिंबू पातेल्यात पिळू नका, प्रत्येकाने आपल्या वाटीत पिळावं.